सोसायटीच्या कमिटी मेंबरांनो, औषध मारायच्या आधी तो किडा आमच्याकडे पाठवा

मुंबईतल्या तमाम हाउसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, आणि ज्यांच्याकडे कुठलंच पद नाही पण ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज ज्यांचेच असतात ते काका-काकू,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका विद्यापीठात, जंगलातल्या झाडांवरच्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की हे पत्र आधी परवानगीला जाईल आणि परवानगी येईपर्यंत पावसाळा संपलेला असेल. तशीही आमची लॅब अनेकांना माहीत आहे कारण जून लागला की आमच्या मॅडमच्या व्हॉट्सअॅपवर तुमचे फोटो यायला लागतात. हललेले, अंधारात काढलेले, एकात तर किडा नाहीच, फक्त चप्पल आणि चपलेखाली जे काही उरलंय ते. खाली मेसेज, "अर्जंट. हे काय आहे? कोणतं औषध मारू? पेस्ट कंट्रोलवाला खाली उभा आहे."

आता पेस्ट कंट्रोलवाला खाली उभा असताना विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देणार सांगा. तुमचं ठरलेलंच असतं, फक्त कोणीतरी शिकलेल्या माणसाने हो म्हणायला हवं असतं.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे की किडा कोण आहे ते आधी कळू द्या, मग झाडाचं काय करायचं ते ठरवा, आणि किडा कोण आहे हे सांगायला माणसं लागतात आणि त्या माणसांना थोडा वेळ लागतो. अॅपमध्ये फोटो टाकला की नाव येतं हे मलाही माहितीये, फुलपाखरांसाठी मी पण वापरते, पण झाडावरच्या निम्म्याहून जास्त भानगडींत ते चालत नाही आणि का चालत नाही ते सांगते.

रेन ट्रीचंच घ्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईत किती रेन ट्री उभेच्या उभे वाळले ते तुम्ही रस्त्यावर बघितलंय, आणि त्यात पिठ्या ढेकणाचं म्हणजे मिलीबगचं नाव सारखं येत राहिलं. तुमची तक्रार बहुतेक वेळा गाडीपासून सुरू होते, की झाडाखाली पार्क केलेल्या गाडीवर चिकट थेंब पडतात, मग त्यावर काळं धरतं आणि वॉशिंगवाला जास्त पैसे मागतो. तो चिकटपणा म्हणजे रस शोषणाऱ्या किड्यांनी टाकलेलं साखरपाणी, ते काळं म्हणजे त्या साखरेवर वाढलेली बुरशी, आणि झाडावर मुंग्यांची रांग दिसते ती त्याच साखरेसाठी. मुंग्या त्या किड्यांची राखण पण करतात, म्हणजे त्यांना खायला कोणी आलं की मुंग्याच त्याला हाकलतात. इथपर्यंत फोटोवरून सांगता येतं. पण पिठ्या ढेकूण नेमका कुठल्या जातीचा, हे फोटोवरून देवालाही सांगता येणार नाही.

त्यासाठी काय करावं लागतं बघा. प्रौढ मादीच लागते, पिल्लं चालत नाहीत, नर तर अजिबातच नाही. ती मादी अल्कोहोलमधून काढायची, बारीक सुईने भोक पाडायचं, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये हलकी गरम करायची म्हणजे आतलं सगळं विरघळतं आणि फक्त पारदर्शक कातडं उरतं. ते धुवायचं, गुलाबी रंग द्यायचा, परत धुवायचं, कॅनडा बाल्सममध्ये स्लाइडवर नीट पसरवायचं, पाय दुमडता कामा नये, मग स्लाइड ओव्हनमध्ये वाळत ठेवायची आणि त्यानंतर मायक्रोस्कोपखाली बसून कडेच्या काट्यांच्या जोड्या आणि अंगावरची छिद्रं मोजायची. भात शिजवताना शीत दाबून बघतो तसं कातडं मऊ झालंय का ते अंदाजानेच कळतं आणि तो अंदाज यायला वर्षं जातात. आमच्या लॅबमध्ये तो अंदाज मॅडमना आहे आणि त्यांच्याहून जास्त मामांना आहे. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. पदवी नाही, हात मात्र असा की कापसाच्या तंतूएवढी मिशी न तुटता उचलतील. ते रिटायर होणार आहेत, त्यांची जागा भरली जाईल की नाही हे कोणालाच माहीत नाही, पण तो विषय तुमच्या कमिटीचा नाही म्हणून सोडते.

तुम्ही म्हणाल, जात कळून फायदा काय, शेवटी मारायचाच ना. तर पपईवरच्या मिलीबगची गोष्ट ऐका. २००८ साली हा परदेशी मिलीबग कोइम्बतूरकडे सापडला आणि बघता बघता पपई, तुती, टॅपिओका, साग, काय वाटेल त्यावर पसरला, शेतकऱ्यांनी औषधं मारून मारून हात टेकले, कारण त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि औषध आतपर्यंत नीट पोचतच नाही. पण जात पक्की ओळखलेली होती म्हणून त्याचा मूळ देश कुठला आणि तिथे त्याला कोण खातं हे शोधता आलं, आणि २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या बेंगळुरूच्या संस्थेत आणून, वाढवून सोडल्या. मिलीबग आटोक्यात आला. चावत नाहीत हो त्या, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. जात चुकीची ओळखली असती तर चुकीची माशी आणली असती आणि ती उपाशी मेली असती, इतका सगळा खेळ त्या स्लाइडवर आहे.

आणि उलटा प्रकारही होतो. एका सोसायटीतून फोटो आला, "मिलीबग खूप मोठे झालेत, पळायला पण लागलेत, डबल डोस मारतो." मॅडम ओरडल्याच. मिलीबग पळत नाही! ते होतं क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याचं पिल्लू. हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला, मिलीबग खाण्यात याचा हात कोणी धरत नाही आणि याचं पिल्लू स्वतः पांढरं पिठाळ, अगदी मिलीबगसारखं दिसतं, फक्त मोठं आणि चपळ. म्हणजे तुमचं काम फुकटात करायला आलेला माणूस तुम्ही चोर समजून झोडपताय. त्या सोसायटीने फोन येईपर्यंत अर्ध्या झाडावर फवारणी केली होती, उरलेल्या अर्ध्यावर थांबले, हेही नसे थोडके.

आता शेवगा. जुलै-ऑगस्टमध्ये शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचा गालिचा दिसला की कमिटीची तातडीची मीटिंग लागते आणि ठराव होतो झाड तोडण्याचा, कारण बी विंगमधल्या कोणाच्या तरी मुलाला खाज आली. खाज येते, खरंय, त्या केसांनी आग होते, हात लावू नका आणि पोरांना दोन-तीन आठवडे तिकडे खेळू देऊ नका. पण हे सुरवंट दिवसा बुंध्यावर गोळा होतात आणि रात्री वर जाऊन पानं खातात, म्हणजे ते सगळे दिवसाढवळ्या एका जागी मिळतात, लांब काठीला ओलं फडकं बांधून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडता येतात. नाही केलंत तरी खाऊन झालं की खाली उतरून मातीत कोष करतात आणि विषय संपतो, शेवग्याला परत पालवी फुटते. झाड तोडायला मात्र परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, फांदी छाटायची तरी महापालिकेच्या उद्यान खात्याला अर्ज द्यावा लागतो. हे तुम्हाला माहिती आहे हेही मला माहिती आहे, उगाच भोळेपणा नको.

कुंडीतल्या लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या अळ्यांबद्दल तर मी दर वर्षी हात जोडते. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी ती अळी फुलपाखराची असते. लिंबावर कधी कधी ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळीची पण निघते, जे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. दहा-बारा पानं जातील. जाऊ द्या की.

आता अळी कोणाची हे ओळखायची आमची पद्धत सांगते, म्हणजे "ताई अजून सांगितलं नाही" असा मेसेज करण्यापूर्वी तुम्ही जरा थांबाल. अळ्यांवरून नेमकी जात पुष्कळदा कळत नाही, म्हणून ती वाढवावी लागते. प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला जाळी, आत त्याच झाडाचं ताजं पान, खाली टिश्यू पेपर. रोज पान बदलायचं, रोज शेण काढायचं (हो, अळीच्या लेंड्यांना पण आम्ही शेणच म्हणतो), रोज वहीत लिहायचं. रविवारी पण, गणपतीत पण, आणि लोकल बंद पडली त्या दिवशी पण, कारण अळ्यांना ते काही माहिती नसतं. आम्ही वाटून घेतलंय, कल्याणवाल्यांची रविवारी सुट्टी आणि जवळ राहणाऱ्यांची गोची, म्हणजे माझी. एवढं करून कोष झाला, आणि एका सकाळी त्यातून पतंगाऐवजी दोन माश्या बाहेर आल्या, म्हणजे अळीच्या आत आधीच परजीवी वाढत होता, तर नाव सांगायचं राहिलंच. मॅडम मात्र त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजतात, कारण त्यांच्यासाठी ती माशीच जास्त कामाची.

आमच्या पीएचडीवाल्या पोराबद्दल मला वेगळं लिहायचंय, कारण त्याला तुमच्यातल्याच एका सोसायटीने पकडून ठेवलं होतं. नॅशनल पार्कला लागून असलेली सोसायटी. रात्रीच्या पतंगांसाठी आम्ही पांढरा पडदा बांधतो, त्याच्यासमोर मर्क्युरीचा बल्ब लावतो आणि त्यावर येऊन बसणाऱ्या पतंगांच्या नोंदी करतो, आणि चंद्रप्रकाश असला की किडे कमी येतात म्हणून अमावास्येच्या आसपासच्याच रात्री निवडतो. सेक्रेटरींची तोंडी परवानगी होती, वॉचमनला कोणी सांगितलं नव्हतं. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा, अमावास्येची रात्र, सोसायटीच्या मागच्या अंगाला पांढरा कपडा बांधलेला आणि समोर एक दाढीवाला पोरगा बाटल्या मांडून बसलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी करणी करतोय म्हणून आरडाओरडा केला, मग सगळी बिल्डिंग खाली. तासभर तो समजावत होता आणि पडद्यावर दुधी हिरव्या रंगाचा, लांब शेपट्या असलेला मून मॉथ येऊन बसला होता, त्याच्याकडे एकाने बघितलं नाही. शेवटी एका सातवीतल्या मुलीने बघितला. ती आता दर महिन्याला विचारते दादा परत कधी येणार.

हा पोरगा विरारहून येतो. जाळं लगेजच्या डब्यात ठेवतो, रोज कोणीतरी विचारतं मासे पकडायला का. कागदावर जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या वर्षांतल्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत, पण ग्रँटचा हप्ता अडकला की तेही अडकतात आणि मग अळ्यांचे डबे मॅडमच्या खिशातून येतात. मॅडमचा निम्मा दिवस तर खर्चाची सर्टिफिकेटं आणि टेंडरं करण्यात जातो, त्यामुळे तुमच्या फोटोला रात्री अकराला उत्तर येतं. उद्धटपणा नाहीये तो.

आणि आमचे दादा. पार्कातल्या पाड्यावरचे, वारली. प्रोजेक्ट असला की रोजंदारीवर येतात, नसला की मिळेल ते काम. कुठल्या झाडाला कधी पालवी येते, कुठल्या ओढ्याकाठी पावसाच्या आधी काजवे दिसतात, रात्री कुठल्या वाटेने जायचं नाही कारण तिथे बिबट्याची ये-जा आहे, हे सगळं त्यांना विचारून ठरतं. शोधनिबंध छापून येतो तेव्हा त्यांचं नाव शेवटी आभारांत बारीक अक्षरात असतं. मला विचाराल तर ते वर पाहिजे, आम्हा बाकीच्यांच्या ओळीत, आणि हे मी लॅबमध्ये पण बोलते. पावसाळ्याच्या शेवटी डोंगरावरचा साग तपकिरी दिसायला लागला की मॉर्निंग वॉकवाले आम्हाला फोन करतात, सगळं जंगल मेलं म्हणून, तेव्हा दादा हसतात. पान हातात घेऊन बघा, नुसत्या शिरांची जाळी उरलेली असते, मधला सगळा गर अळीने खाल्लेला. झाड जिवंत असतं. लाकूड पिकवणाऱ्यांना मात्र नुकसान होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला सागावर दुसरी एक अळी येते, पानं फस्त करणारी, आणि केरळातल्या पीचीच्या वन संशोधन संस्थेने मोजून दाखवलंय की कोवळ्या लागवडीत तिच्यामुळे वाढ ४४ टक्क्यांपर्यंत बुडते. तिथेच मग त्या अळीला होणाऱ्या रोगाचा विषाणू वापरून तिला आवरायचं काम झालं. हे असले आकडे झाडं वर्षानुवर्षं परत परत मोजूनच मिळतात आणि मोजणारे हात बहुतेक रोजंदारीचेच असतात.

आता जरा कडू बोलते. तुमच्याकडून येणाऱ्या मेलेल्या झाडांच्या केसमध्ये किडा बऱ्याचदा शेवटी आलेला असतो. आधी तुम्ही बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत, मग दिवाळीच्या माळांसाठी खिळे ठोकलेत, मग पाइपलाइनसाठी एका बाजूची मुळं तोडलीत, आणि झाड तहानेने खंगल्यावर खोडकिडा आला. आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो ना, तो त्याचाच. अळी खोडाच्या आत महिनोन्महिने असते, तुम्ही पानांवर कितीही फवारा, तिला पत्ताही लागत नाही. भोक शोधून, तारेने अळी ओढून काढून, आत औषधाचा बोळा घालून चिखलाने बंद करावं लागतं, ते पण वेळेत. ही अळी भुंगेऱ्याची असते, आणि दुबळं झालेलं झाड अशा भुंगेऱ्यांना लांबून कळतं. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या साल नावाच्या झाडांच्या जंगलात खोडकिड्याची मोठी साथ आली तेव्हा हीच गोष्ट वापरली गेली, काही झाडं पाडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवायचे, खोडाचं बाहेरचं आवरण फुटून जो रस येतो त्याच्या वासावर भुंगेरे गोळा होतात, मग गावकऱ्यांनी ते हाताने वेचायचे. फवारणीने जमलं नसतं, अळी झाडाच्या पोटात असताना फवारणार कुठे.

२०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे पावणेतीस लाख झाडं होती आणि त्यातली मोठी संख्या खाजगी आवारांत, म्हणजे तुमच्या ताब्यात. आमच्यासारखी माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे आम्ही सगळीकडे पोचणार नाही, तुम्हीच किडा आमच्यापर्यंत नीट पोचवा.

नीट म्हणजे कसा, तर शक्यतो जिवंत, हिट मारलेला नको, चपलेने मारलेला तर नकोच. भोकं पाडलेल्या डब्यात, ज्या झाडावर सापडला त्याच झाडाच्या दोन-चार पानांसकट. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून स्कूटरच्या डिकीत ठेवलात तर माझ्या टेबलावर सूप येतं. कापसासारखं पांढरं असेल तर फांदीचा तुकडाच द्या, खरवडू नका. आणि एका कागदावर लिहा, झाड कुठलं, कुठल्या भागात आहे, तारीख, कधीपासून दिसतंय, गेल्या महिन्यात कोणतं औषध मारलंत आणि बुंध्याभोवती सिमेंट आहे का. या शेवटच्या दोन गोष्टी लपवू नका, आम्ही कोणाला सांगत नाही. तारीख आणि जागा नसलेला किडा मामा टेबलावर ठेवूनच घेत नाहीत, कितीही दुर्मिळ असू दे, कारण आपण गेल्यावर वीस-तीस वर्षांनी कोणी तो डबा उघडला तर त्याला कळायला हवं की बाबा मुलुंडला या झाडावर हा किडा तेव्हा होता.

मग दहा दिवस द्या. पिठ्या ढेकूण असेल तर जास्त. तोपर्यंत पेस्ट कंट्रोलवाल्याला वर जिन्यातली झुरळं मारू द्या. आमच्याकडून कोणी बघायला आलं तर गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करायला आमची हरकत नाही, फक्त वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि रात्रीचं असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पण. पाणी विचारलंत तर बरं वाटेल. आणि झाडाबद्दल आम्ही जे लेखी देऊ ते नोटीस बोर्डवर लावा, नुसतं कमिटीच्या फाइलमध्ये नको, म्हणजे पुढची कमिटी आली की सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

सोमवार ते शनिवार, अकरा ते चार. लिफ्ट बंद असते, तिसरा मजला. गेटवर डिपार्टमेंटचं नाव सांगितलंत तर सिक्युरिटीला कळणार नाही, किड्यांची लॅब म्हणा.

आपली,
एक प्रोजेक्ट असिस्टंट (कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत, त्यामुळे शेवग्याचे सुरवंट याच पावसाळ्यात पाठवा)

ता. क. डबा परत मागू नका. त्यात आमच्याकडे काय काय ठेवलेलं असतं ते कळलं तर तुम्हीच नको म्हणाल.